नवीन रेपो उघडला की डोळे झाकून एमआयटी लायसन्स का लावता?

अर्धविराम (धागाकर्ता)

रेपो (प्रोजेक्टचा कोड ठेवायची जागा) बनवताना लायसन्सची, म्हणजे कोड कोणी कसा वापरायचा त्या अटींची, यादी समोर येते तिथे बहुतेक जण दोन सेकंद पण थांबत नाहीत, एमआयटीवर टिचकी मारली की मोकळे. विचारलं तर उत्तर ठरलेलं, छोटंसं आहे, सगळे तेच लावतात आणि कंपन्यांना चालतं. पहिल्या दोन कारणांबद्दल काही म्हणणं नाही, तिसऱ्यावर भांडायचंय म्हणून हा धागा.

आधी फरक काय ते एकदा सांगून टाकतो, कारण अर्धी भांडणं तिथेच होतात. एमआयटी म्हणतं वापरा, बदला, विका, सोर्स (माणसाने लिहिलेला मूळ कोड) लपवून विका, फक्त कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत राहू द्या आणि काही बिघडलं तर आमच्या दारात येऊ नका. जीपीएलमध्येही वापरा, बदला, विका सगळं आहे (हो, विकायला पूर्ण मुभा आहे, दर वेळी कोणीतरी उलटं सांगतं), पण प्रोग्राम दुसऱ्याच्या हातात दिलात तर त्याला सोर्सही द्यायचा आणि तुम्हाला मिळाले तेच हक्क त्यालाही द्यायचे.

याने काय फरक पडतो? लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी राउटर बघा. आत लिनक्स आणि बिझीबॉक्स (छोट्या कमांडचा संच), दोन्ही जीपीएल. लोकांनी ते हुडकून काढलं, मागे लागले आणि २००३ मध्ये कंपनीला सोर्स बाहेर काढावा लागला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं, जे आज कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी राउटरांवर चालतंय. उलट मिनिक्स ३ ही ऑपरेटिंग सिस्टीम बघा, बीएसडी लायसन्स, म्हणजे एमआयटीसारखंच मोकळं. २०१७ मध्ये कळलं की ते इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये, म्हणजे असंख्य कॉम्प्युटरांच्या पोटात चालतंय, आणि ज्याने लिहिलं त्या टॅननबॉमलाच ते बातम्यांतून समजलं. ज्याच्या मशीनवर ते चालतंय त्याला सोर्स मागायचा हक्क शून्य. हे तुम्हाला चालत असेल तर खुशाल एमआयटी लावा, पण विचार करून लावा.

नलपॉइंटर

असहमत. आणि मिनिक्सचं उदाहरण अर्धवट दिलंय. टॅननबॉमने इंटेलला खुलं पत्र लिहिलं त्यात एवढंच म्हटलं होतं की सांगण्याचं काही बंधन नव्हतं पण सौजन्य म्हणून कळवलं असतं तर बरं वाटलं असतं, आणि त्याच पत्रात हेही लिहिलं की बीएसडी लायसन्सच वापरणाऱ्याला सगळ्यात जास्त मोकळीक देतं हे आपलं मत या बातमीने पक्कंच झालं. म्हणजे ज्याचा कोड गेला तो खूश आणि तुम्ही त्याच्या वतीने सुतक पाळताय.

दुसरं, जीपीएलने कोड उघडा होतो हा समज. कंपनीपुढे नेहमी दोन रस्ते असतात, कोड उघडा करायचा किंवा तुमचा कोडच वापरायचा नाही, आणि पैसा असेल तर दुसरा रस्ता सोपा पडतो. ॲपलने काय केलं? जीपीएल ३ आलं २००७ मध्ये, त्यानंतर मॅकवर बॅश (कमांड टाइप करायचा शेल) ३.२ वर अडकलं ते अडकलंच, जीसीसी (कंपायलर, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवणारं साधन) ४.२ ला थांबलं, कारण पुढची व्हर्जनं जीपीएल ३ वर होती, शेवटी एलएलव्हीएम आणि क्लँग या मोकळ्या लायसन्सच्या कंपायलरवर पैसा ओतला आणि २०१९ मध्ये डिफॉल्ट शेलच झेडएसएच केला. यात वापरणाऱ्याला काय मिळालं, तर बारा वर्षं जुनं बॅश.

आणि एलएलव्हीएम सक्ती नसताना वाढलंय, एकमेकांच्या स्पर्धक कंपन्या त्यात कोड देतात. कारण साधं आहे, स्वतःचा पॅच, म्हणजे केलेला बदल, बाजूला ठेवला तर दर नव्या व्हर्जनला तो पुन्हा बसवायची हमाली आपल्यालाच करावी लागते, त्यापेक्षा मूळ प्रोजेक्टला पाठवून दिलेला परवडतो.

कर्सर_हलेना

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

अर्धविराम

@नलपॉइंटर, टॅननबॉम खूश असेल हो, पण मी लेखकाबद्दल बोलतच नाहीये, मशीन ज्याच्या टेबलावर आहे त्याच्याबद्दल बोलतोय. त्याला कोणी विचारलं?

जीसीसीचं काढलंच आहे तर आधीचाही भाग सांगा. नेक्स्ट कंपनीने ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेचा फ्रंटएंड (ती भाषा वाचणारा भाग) जीसीसीवर बांधला तेव्हा त्यांना सोर्स द्यायचा नव्हता, नुसत्या ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेले तुकडे) देतो, जोडाजोडी वापरणारा करेल असली पळवाट काढली होती. जीपीएलमुळे ती चालली नाही, कोड बाहेर आला आणि जीसीसीला एक अख्खी भाषा मिळाली. स्पर्धक कंपन्या एलएलव्हीएममध्ये देतात ते खरं, पण सोयीचं तेवढंच देतात. चिप बनवणारे कितीतरी जण एलएलव्हीएम घेऊन आपापला कंपायलर बंद ठेवून वाटतात, त्याचा हिशोब तुमच्या प्रतिसादात कुठे दिसला नाही.

शून्यापासून_मोजा

नवखा प्रश्न, हसू नका. आमच्याकडे सक्त ताकीद आहे की जीपीएल कोडला हात लावायचा नाही, एक फाइल जरी आली तरी कंपनीचा सगळा कोड जगाला द्यावा लागतो म्हणे. खरंच असं आहे का?

पाईपलाईन_प्रसाद

नाही. हे भूत फार जुनं आहे.

जीपीएल प्रोग्राम तुम्ही घरात किंवा कंपनीच्या आत कितीही बदलून वापरा, बाहेर कोणाला दिला नाही तर कोणालाच सोर्स देणं लागत नाही. दिलात तर ज्याला दिलात त्याची सोय करायची, जगाला बोलावून वाटायचं बंधन नाही. (जीपीएल २ मध्ये सोर्स सोबत न देता मागेल त्याला देऊ असं लेखी आश्वासन देण्याचा पर्याय आहे, किमान ३ वर्षांचं, आणि ते मात्र कोणाही तिसऱ्याला लागू होतं, तेवढं लक्षात ठेवा.) जीसीसीने कंपाइल केलं म्हणून तुमचा प्रोग्राम जीपीएल होत नाही, रनटाइम लायब्ररीला (प्रोग्रामसोबत जाणाऱ्या जीसीसीच्या तुकड्याला) त्यासाठीच खास सूट लिहिलेली आहे.

आणि चुकून एखादी फाइल घुसली तरी आपोआप सगळं जीपीएल होत नाही. तो कॉपीराइटचा भंग ठरतो, मग तुम्ही वाटप थांबवून ती फाइल काढून टाकू शकता, झाल्या भंगाचं काय ते मालकाशी मिटवायचं. जीपीएल २ मध्ये भंग झाला की हक्क तिथल्या तिथे जातात, जीपीएल ३ मध्ये पहिलीच वेळ असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत सुधारलंत तर हक्क परत मिळतात. तुमच्या वकिलांना ताकीद देणं सोपं जातं, समजावणं अवघड जातं, म्हणून ताकीद.

नलपॉइंटर

@पाईपलाईन_प्रसाद, माहिती बरोबर पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतोय ना? एवढं सगळं समजून घ्यायला लागतं म्हणूनच लोक पळतात. एमआयटीचा मजकूर चहा गार व्हायच्या आत वाचून होतो.

आणि अंमलबजावणी कोण करतंय? छंद म्हणून लायब्ररी लिहिणारा कोर्टात जाणारे का.

पाईपलाईन_प्रसाद

जातात की. बिझीबॉक्सवाल्यांनी २००७ पासून एकामागून एक कंपन्यांवर केसेस टाकल्या, सिस्कोवर २००८ मध्ये एफएसएफने (जीपीएल काढणारी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन) केस केली आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. आणि सगळ्यात भारी म्हणजे जेकबसन विरुद्ध कात्झर, २००८. खेळण्यातल्या रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर! लिहिणारा हौशी माणूस, लायसन्सचं नाव आर्टिस्टिक. अमेरिकेतल्या अपील कोर्टाने मान्य केलं की कोड फुकट दिला तरी लायसन्समधल्या अटी या खऱ्या अटी आहेत, मोडल्या तर कॉपीराइटचा दावा लागतो. म्हणजे तुमच्या लाडक्या एमआयटीतली 'आमचं नाव राहू द्या' ही ओळसुद्धा याच पायावर उभी आहे.

जुनं_खोड

दोघांचंही वाचलं. तुम्ही दोघं लायसन्सच्या नावावर भांडताय आणि खरी गोष्ट बाजूलाच राहिली, कॉपीराइट कोणाकडे आहे?

मोंगोडीबी हा डेटाबेस बघा. एजीपीएल होतं, म्हणजे @अर्धविराम यांच्या हिशोबाने सगळ्यात कडक, सर्व्हरवर चालवून नेटवर्कवरून वापरायला दिलं तरी बदललेला सोर्स द्या म्हणणारं. तरी २०१८ मध्ये कंपनीने एका रात्रीत एसएसपीएल हे स्वतःचं लायसन्स लावलं. कसं काय? कारण कोड देणाऱ्या प्रत्येकाकडून करार करून घेतला होता, आम्हाला हवं ते लायसन्स लावायचा हक्क द्या म्हणून. कॉपीलेफ्ट (जीपीएलसारखी, तेच हक्क पुढे द्यायची अट) तुम्हाला आणि मला बांधतं, सगळे हक्क ज्याच्या खिशात आहेत त्याला बांधत नाही.

आता उलट बाजू. लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) जीपीएल २ वरच आहे, ३ वर कधीच गेलं नाही. लिनक्स सुरू करणाऱ्या टोरवाल्ड्सला ३ पटलं नव्हतं हे आहेच, पण पटलं असतं तरी हजारो लोकांचा कॉपीराइट आहे, कोणाकोणाची परवानगी आणणार? व्हीएलसी व्हिडिओ प्लेअरवाल्यांनी आपली लायब्ररी जीपीएलवरून एलजीपीएलवर (जीपीएलचं सौम्य रूप) न्यायची ठरवली तर एकेका जुन्या कोड देणाऱ्याला शोधून विचारत बसावं लागलं. कटकट वाटते ना? तीच कटकट कर्नलची तटबंदी आहे.

म्हणून कुठल्याही प्रोजेक्टमध्ये कोड देण्याआधी मी लायसन्सची फाइल नंतर वाचतो, आधी बघतो सही कशावर मागतायत.

अर्धविराम

@जुनं_खोड, मान्य, पण याने एमआयटीची बाजू आणखी पडते. रेडिस हा डेटाबेस बीएसडी होता, तिथे तर असल्या कराराचीही गरज पडत नाही. बीएसडीतला कोड कोणीही उचलून पुढचं व्हर्जन हव्या त्या अटींवर काढू शकतं, मूळ कंपनीसुद्धा. २०२४ मध्ये तेच झालं.

नलपॉइंटर

आणि लगेच व्हॅल्की हा फोर्क (त्याच कोडवरून निघालेला वेगळा प्रोजेक्ट) उभा राहिला, ते विसरलात? शेवटचं बीएसडी व्हर्जन उचललं आणि कामाला लागले. सर्चवाल्या इलास्टिकने २०२१ मध्ये दार लावलं तर ओपनसर्च, सर्व्हर उभारायच्या टेराफॉर्मने २०२३ मध्ये लावलं तर ओपनटोफू. आधी दिलेलं लायसन्स काढून घेता येत नाही, हीच तर वापरणाऱ्याची खरी हमी आणि ती एमआयटीत पण तेवढीच आहे.

शिवाय त्या कंपन्यांच्या जागी उभं राहून बघा जरा. डेटाबेस तुम्ही लिहायचा, मोठ्या क्लाउडवाल्याने तो तयार सर्व्हिस म्हणून विकायचा आणि तुमच्या हातात काय, तर रेपोवरचे तारे. तुमचं जीपीएल पण तिथे काही करू शकलं नाही, कारण क्लाउडवाला प्रोग्राम कोणाला देतच नाही, नुसता चालवतो.

जुनं_खोड

तीन्ही फोर्क टिकले कारण मागे मोठ्या कंपन्या होत्या. तुमच्या-माझ्या लायब्ररीचा फोर्क कोण सांभाळणारे? बाकी क्लाउडचं दुखणं खरं आहे, पण एसएसपीएल हा इलाज नव्हता. सर्व्हिस म्हणून द्यायचं तर बॅकअप, मॉनिटरिंग, होस्टिंग सगळ्याचा सोर्स द्या म्हणे, ही अट कोणी पाळावी म्हणून लिहिलेलीच नाही. ओएसआयने (ओपन सोर्स लायसन्सना मान्यता देणारी संस्था) २०२१ मध्ये सरळ सांगितलं की हे ओपन सोर्स लायसन्स नाही. आणि गंमत बघा, इलास्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय परत आणला. एवढी यातायात करून शेवटी @अर्धविराम यांच्याच गल्लीत.

शून्यापासून_मोजा

मग मी असं केलं तर, एमआयटीच ठेवायचं पण खाली एक ओळ टाकायची, व्यावसायिक वापर चालणार नाही. दोघांचं समाधान?

पाईपलाईन_प्रसाद

दोघंही मारायला धावतील. वापर कशासाठी यावर बंधन आलं की ते मुक्त सॉफ्टवेअरच राहत नाही, बहुतेक डिस्ट्रो (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) घेणार नाहीत. लिनक्सचं पहिलं लायसन्स असंच होतं, १९९१ मध्ये, पैसे घेऊन वाटायचं नाही म्हणून. टोरवाल्ड्सने ते १९९२ मध्ये सोडून जीपीएल घेतलं.

अवांतर: जेएसओएनच्या (डेटा लिहायचा फॉरमॅट) लायसन्समध्ये एक ओळ आहे, हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको. वाचायला गोड. डेबियन या डिस्ट्रोने त्याला नॉन-फ्री ठरवलं, आणि बरोबर केलं, चांगलं-वाईट ठरवणार कोण. हौसेने स्वतःच्या ओळी घालू नका.

नलपॉइंटर

माझ्यापुरतं सांगतो, मी पुढची लायब्ररी अपाची २.० वर काढतोय. एमआयटीत पेटंटबद्दल एक अक्षर नाही, अपाचीत कोड देणारा स्वतःच्या पेटंटचा परवानाही देतो आणि त्या कोडवरून कोणी पेटंटचा दावा ठोकला तर ठोकणाऱ्याचाच परवाना जातो. @अर्धविराम, बघा, अट घालायला मी तयार आहे, फक्त तुमची नाही.

अर्धविराम

घाला की. फक्त त्याच पेटंटच्या कलमामुळे अपाची २.० जीपीएल २ बरोबर बसत नाही, ३ बरोबर बसतं. म्हणजे फक्त-२ वाले प्रोजेक्ट तुमची लायब्ररी घेऊ शकणार नाहीत. सगळ्यांना चालावं म्हणून एवढं भांडलात आणि लोक तुम्हीच कापले.

पाईपलाईन_प्रसाद

एलएलव्हीएमने यासाठीच अपाची २.० ला एक जास्तीची सूट जोडलीय, जीपीएल २ च्या कोडबरोबर एकत्र आलं तर ते पेटंटचं कलम आड येऊ नये म्हणून. @नलपॉइंटर, तयार मजकूर आहे, स्वतः लिहायला जाऊ नका.

नलपॉइंटर

बघतो. पण सूटच द्यायची असेल तर मग एमआयटी काय वाईट होतं :)