मदत हवी आहे: शाळेत मराठी बोलल्यावर बटण, बिल्ला असं काही फिरवायचे का?

आमच्या वाचनकट्ट्यावर या रविवारी मला केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांच्या 'डीकॉलोनायझिंग द माइंड' (१९८६) बद्दल बोलायचंय. त्यात ते सांगतात की १९५२ मध्ये ब्रिटिशांनी केनियात आणीबाणी लावल्यानंतर शाळेत गिकुयू, म्हणजे त्यांची मातृभाषा, बोललं की छड्या बसायच्या, किंवा गळ्यात 'मी गाढव आहे' अशी पाटी. सुरुवातीला एका मुलाकडे बटण द्यायचे, त्याने ते मातृभाषेत बोलणाऱ्याला द्यायचं, असं दिवसभर फिरायचं आणि संध्याकाळी ज्याच्याकडे ते असेल त्याने आपल्याला कोणी दिलं ते सांगायचं, की सगळी साखळीच बाहेर! पोरंच पोरांवर पाळत ठेवणार, मला हे छडीपेक्षा वाईट वाटतं.

आपल्याकडच्या इंग्रजी शाळांमधलं उदाहरण शोधतेय. नातेवाईक, मैत्रिणी सगळ्यांना विचारून झालं, पण फक्त एक रुपया, दोन रुपये दंडाच्याच आठवणी मिळाल्या, त्या आहेत माझ्याकडे. ऐकीव नको, स्वतःचा अनुभव हवाय. शाळेचं नाव नको, गाव आणि साधारण साल पुरे.

तर तुमच्या वर्गात अशी एखादी वस्तू एकाकडून दुसऱ्याकडे फिरायची का, आणि तिला मुलं काय म्हणायची?