आंबा विकायचा की आंब्यावर लिहायचं?

कातळावरचा
देवगड तालुक्यात आमची दीडशे कलमं आहेत. आधी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात पडेपर्यंत भाव कळत नसे. तीन वर्षं झाली, थोड्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला देतो. भाची मागे लागली, "मामा, ब्लॉग लिही, लोक गूगलवरून शोधत येतील." दोन हंगामांत बावीस लेख झाले.

माझं मत असं, की छोट्या धंदेवाल्याने ब्लॉग लिहावाच, पण गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं तेवढंच लिहावं. माझे पहिले आठ लेख 'हापूस, फळांचा राजा' छापाचे होते. ते कुणी वाचले नाहीत, घरच्यांनीसुद्धा नाही. नववा लेख होता 'आंब्यात साका का निघतो'. वर कापलेल्या फळाचा फोटो, पांढरट, स्पंजासारखा गर. खाली सरळ लिहिलं की साका बाहेरून ओळखता येत नाही. फळ झाडावर जास्त तयार होऊ दिलं किंवा काढून तापलेल्या कातळावर ठेवलं तर तो वाढतो. म्हणून आम्ही फळ चौदा आणे तयार झालं, म्हणजे पूर्ण तयार व्हायला थोडं बाकी असलं, की सकाळीच झेल्याने (काठीला जाळी लावलेलं आंबे उतरवायचं साधन) देठासकट काढतो आणि लगेच सावलीत नेतो. तरी एखादं फळ निघतंच. निघालं तर फोटो पाठवा, बदलून देऊ. आज माझे निम्म्याहून जास्त वाचक या एकाच लेखावर येतात.

तुम्हाला काय वाटतं?

फराळवाली_डोंबिवली
दादा, राग मानू नका, पण हा रिकामपणाचा उद्योग आहे. तुमचा खरा हंगाम दीड-दोन महिन्यांचा. त्यात आढी (पेंढ्यात पिकत घातलेले आंबे) बघायची, पेट्या भरायच्या, गाडी गाठायची की लेख लिहायचे? मी चकली-अनारसे विकते, आजवर एक ओळ लिहिलेली नाही. व्हॉट्सअॅपवर ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. दिवाळीच्या तीन आठवडे आधी एक मेसेज टाकला की ऑर्डरी घेणं बंद करावं लागतं.

कातळावरचा
ताई, एका लिस्टमध्ये माणसं 256च, आणि तो मेसेजही ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणजे ती ओळखीचीच माणसं. नवं माणूस कुठून येणार?

फराळवाली_डोंबिवली
जुन्याच्या जावेकडून, विहिणीकडून, ऑफिसातल्या डब्यातून. चकली खाऊन माणूस येतो, चकलीवरचा निबंध वाचून नाही.

पोटार्थी_लेखणी
मी पैसे घेऊन दुसऱ्यांच्या धंद्यांचे ब्लॉग लिहिते, त्यामुळे हे स्वतःच्याच पोटावर पाय देणं आहे. 'आठवड्याला तीन लेख टाका' हा सल्ला विसरा. असे लेख मी शेकड्याने पाडलेत. आता तसं एआयचं यंत्रही पाडतं, माझ्यापेक्षा स्वस्तात.

पण कातळावरचे, तुमच्या साक्याच्या लेखावर फार भिस्त ठेवू नका. 2024 पासून गूगल बऱ्याच प्रश्नांची उत्तरं स्वतःच वर मांडतं. 'साका का होतो' हे लोक तिथेच वाचतील आणि निघून जातील. यंत्राकडे नसतं ते लिहा. यंदा तुमच्या बागेत मोहोर कधी आला, तुडतुड्यांनी किती खाल्ला, पहिली पेटी कधी निघणार, भाव चढा असेल तर का. हे जगात फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

खडूस_गिऱ्हाईक
इथे सगळे विकणारेच बोलतायत. आता खाणाऱ्याचं ऐका.

गेल्या वर्षी एका सुंदर ब्लॉगला भुललो. आजोबांनी लावलेलं कलम, कौलारू घर, समुद्राचा वारा. पेटीवर 'देवगड', आत काय होतं देव जाणे. सालीला वास नाही, गराला चव नाही. हापूसला 2018 साली जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं, कोकणपट्टीतल्या पाच जिल्ह्यांपुरतं. पण गोष्ट लिहायला जीआय लागत नाही. ज्याला चांगलं लिहिता येतं त्याचा आंबा चांगला, असं कुठे ठरलंय?

दुसरं म्हणजे भाव! आजोबा संपेपर्यंत खाली जायचं आणि शेवटी लिहिलेलं, 'दरासाठी संपर्क साधा'. मी तिथूनच परत फिरतो.

कातळावरचा
भावाचं मान्य. माझ्याही ब्लॉगवर भाव नव्हता, दलालाच्या सवयीने लपवला होता. आज टाकला, डझनाप्रमाणे, सगळ्यात वर.

बाकी नाही पटलं. तुम्हाला फसवलं ते खोटेपणाने, लिहिण्याने नाही. उलट, 'आमच्यातही साका निघतो' हे कोणता खोटारडा लिहील?

आणि ताई, वेळेचं म्हणाल तर हे सगळं मी पावसाळ्यात लिहितो. जूननंतर बागेत तशीही कामं कमी. हंगामात फक्त लिंक पाठवतो. 'पेटी आली, आता काय कराल' हा लेख केल्यापासून 'आंबे कच्चे आले' म्हणून ओरडणारे फोन निम्म्याने घटले. पेंढ्यात ठेवा, पिकायच्या आधी फ्रीजमध्ये घालू नका, एवढंच आहे त्यात.

फराळवाली_डोंबिवली
म्हणजे तो लेख गिऱ्हाईक आणत नाही, आलेलं सांभाळतो. मग त्याला ब्लॉग कशाला हवा? छापून पेटीत चिठ्ठी टाका की.

खडूस_गिऱ्हाईक
चिठ्ठीला +1. आणि डझनाचा भाव बघितला. पोस्टेज धरून आहे की वेगळं?

कातळावरचा
वेगळं. थांबा, तेही वर लिहितो.