तुळशीची माळ खरी की रंगवलेली, कसं ओळखायचं? मदत हवी आहे

राम कृष्ण हरी मंडळी. बाबा येत्या कार्तिकी एकादशीला पंढरपुरात माळ घालणार आहेत. मटण त्यांनी सहा महिन्यांपूर्वीच सोडलंय. त्यांच्यासाठी मी गेल्या आठवड्यात १०८ मण्यांची माळ आणली, पण आता मनात शंका आली आहे.

मणी वाटाण्याएवढे आणि सगळे अगदी एकसारखे, गुळगुळीत. तुळशीचं खोड मुळात बारीक असतं ना, मग एवढे जाड मणी निघतात का? रात्रभर पाण्यात ठेवली तर पाणी चहासारखं तांबूस झालं. लाकडाचा अंगचा रंग असा उतरतो की हा लावलेला रंग आहे? वासही काहीच नाही, पण वाळलेल्या तुळशीला वास राहतो का तेही मला नक्की माहीत नाही. पाण्यात बुडते-तरंगते या परीक्षेवर माझा विश्वास नाही, ती रुद्राक्षालाही लागू पडत नाही म्हणतात.

कोणी स्वतः घरच्या तुळशीचे मणी केले आहेत का? आमच्या वृंदावनात एक जुनं वाळलेलं खोड आहे. त्यातून निदान मेरुमणी (माळेच्या टोकाचा मुख्य मणी) तरी निघाला तर बाबांना फार आनंद होईल. पंढरपुरात हातानं मणी कातणारे कारागीर कुठे भेटतील, तेही कृपया सांगा.