बाबांचा व्हॉल्व्ह अरुंद झालाय, पण ‘मला काही होत नाही’ म्हणतात. थांबावं की बदलावा?

कुळागरातली (सावईवेरे, फोंडा)

नमस्कार मंडळी. बाबा ७२ वर्षांचे आहेत. आमचं कुळागर आहे आणि शिंपणं, सुपारी वेचणं, जायफळं वाळवणं अजून सगळं तेच बघतात. जुलैत मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी नेलं, तेव्हा डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तो बराच वेळ उचललाच नाही. मग इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. रिपोर्टवर आहे: सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस, व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ ०.८ चौरस सेंटिमीटर, मीन ग्रेडियंट ४६, वेग सेकंदाला ४.३ मीटर, ईएफ ६०. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, व्हॉल्व्ह बदलावा लागेल. छाती उघडून किंवा मांडीतल्या रक्तवाहिनीतून, म्हणजे टावी. त्यांनी विचारलं, “दम लागतो? छातीत दुखतं? चक्कर?” बाबा तिन्ही वेळा “नाही” म्हणाले. म्हणून कागदावर ‘लक्षणं नाहीत’ असं लिहिलंय.

घरात आता तीन तऱ्हा. पुण्याचा चुलतभाऊ व्हिटॅमिन के-टूच्या गोळ्या पाठवतो म्हणतो, त्याने कॅल्शियम विरघळतं म्हणे. आत्याचं म्हणणं, कोलेस्टेरॉलची गोळी वाढवा. आणि मस्कतला असलेला माझा भाऊ सांगतो, अमेरिकेतल्या अभ्यासात लक्षणं नसतानाच टावी केलेलं चांगलं ठरलंय, लगेच करून टाकू. बाबांचं एकच, “धडधाकट माणसाच्या छातीला हात कशाला लावायचा?”

मला खरंच कळत नाही. एवढं सांगते की चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना ते स्टुलावर हात वर करून उभे होते, आणि एकदम “धर गो” म्हणाले. मी कमरेला धरलं. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं म्हणून झालं असेल असं सगळेच म्हणाले. झरीवरून वर येताना आता जायफळाच्या झाडाखाली थांबतात, पण ते जायफळं पडलीत का बघायला.

या अभ्यासांतून नेमकं काय निघालंय ते कुणी समजावून सांगेल का? आणि आमच्यासारख्यांनी त्यातून काय घ्यायचं?

मडगावकर

ताई, अभ्यासाचं मला काही कळत नाही. आमच्या वडिलांचंही असंच निदान झालं होतं. “त्रास झाला की या” असं सांगून आम्हांला घरी पाठवलं, पण त्रास म्हणजे काय बघायचं हे कुणी सांगितलं नाही. त्यांनी दुपारची मासळी आणायला जाणं बंद केलं, आम्ही म्हटलं वय झालं. सात महिन्यांनी अंगणात कोसळले ते उठलेच नाहीत. तुमच्या पोस्टमधली माटोळीची ओळ वाचली आणि राहवलं नाही. ती गोष्ट डॉक्टरांना सांगा. उद्याच सांगा.

ट्रायलवाली (म्हापसा)

बाय, मडगावकरांनी मुद्द्याचं आधीच सांगितलंय, त्याकडे मी परत येते. मी मुंबईत १६ वर्षं हृदयाच्या ट्रायल्सवर कोऑर्डिनेटर म्हणून काम केलं. पेशंटला संमतीपत्र समजावणं, फॉलोअपला फोन करणं, प्रत्येक अ‍ॅडमिशनचा कागद मिळवणं हे माझं काम. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार सांगणार नाही. पण हे अभ्यास कसे वाचायचे ते सांगू शकते.

आधी आकडे. एऑर्टिक व्हॉल्व्ह म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप. निरोगी असला तर तो ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडतो. १ च्या खाली गेला की सिव्हिअर. ०.८ म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढी वाट, आणि अख्ख्या अंगाचं रक्त त्यातून जायचं. ग्रेडियंट (व्हॉल्व्हच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक) ४० च्या वर आणि त्यातून जाणाऱ्या रक्ताचा वेग ४ च्या वर हेही सिव्हिअरच. म्हणजे तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगताहेत, रिपोर्टबद्दल शंकेला जागा नाही. ईएफ म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते; ६० ही चांगली गोष्ट, हृदयाचा स्नायू अजून टिकून आहे.

गोळ्यांचं थोडक्यात आटपते. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी व्हॉल्व्ह अरुंद होणं थांबेल अशी आशा आम्हां सगळ्यांनाच होती. २००५ मध्ये स्कॉटलंडमधला साल्टायर, २००८ मध्ये १,८७३ पेशंटांचा सीज, २०१० मध्ये कॅनडातला अ‍ॅस्ट्रॉनॉमर, तिन्ही अभ्यासांत व्हॉल्व्हवर काही परिणाम नाही. (सीजमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे त्रास मात्र कमी झाले, तेव्हा दुसऱ्या कारणासाठी गोळी चालू असेल तर बंद करू नका.) हाडांची औषधं २०२१ मध्ये तपासली, तीही निरुपयोगी. के-टूचा डेन्मार्कमध्ये ३६५ पुरुषांवर दोन वर्षं अभ्यास झाला, २०२२ मध्ये निकाल आला: व्हॉल्व्हमधलं कॅल्शियम दोन्ही गटांत सारखंच वाढलं. पुण्याच्या भावाला प्रेमाने नको म्हण. आज तरी अरुंद व्हॉल्व्ह मोकळा करणारी गोळी नाही.

आता तुझ्या मस्कतच्या भावाचा अभ्यास. तो ‘अर्ली टावर’ (टावर म्हणजे टावीच), २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६५ च्या वरचे ९०१ पेशंट, सगळ्यांचा व्हॉल्व्ह सिव्हिअर, लक्षणं कुणालाच नाहीत. अर्ध्यांना लगेच टावी, अर्ध्यांवर नुसती नजर. जवळपास चार वर्षांत मृत्यू, पक्षाघात किंवा हृदयासाठी अचानक अ‍ॅडमिशन यांपैकी काहीतरी टावी गटात २६.८ टक्क्यांना झालं, थांबलेल्यांत ४५.३ टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण आत डोकावून बघ. मृत्यू ८.४ आणि ९.२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखे. बहुतेक सगळा फरक अचानक अ‍ॅडमिशनचा. असे अ‍ॅडमिशनचे कागद मी वर्षानुवर्षं गोळा केलेत, त्यांना मी हलकं म्हणणार नाही. रात्री दोनला धाप लागून पेशंटला नेणं म्हणजे काय ते ज्या घराने बघितलंय त्यालाच ठाऊक. तरीही ‘लगेच केलं म्हणून जीव वाचला’ असं तो अभ्यास म्हणत नाही.

मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. थांबलेल्यांपैकी ८७ टक्क्यांना अभ्यास चालू असतानाच व्हॉल्व्ह बदलावा लागला, आणि त्यांतल्या निम्म्यांना तर साधारण ११ महिन्यांच्या आतच. थांबणं म्हणजे टळणं नव्हे, हे बाबांना सांगण्याजोगं आहे.

आणि सगळ्यांत मोठा मुद्दा. त्या अभ्यासात ‘लक्षणं नाहीत’ हे पेशंटच्या तोंडच्या शब्दावर लिहिलं नव्हतं. दहापैकी नऊ जणांना ट्रेडमिलवर चालवून, बीपी आणि ईसीजी बघत खात्री केली होती. तुझे बाबा त्या गटातले आहेत हे तू कशावरून धरलंस? हात वर करून उभं असताना अंधारी येणं हे या आजारात उपाशीपोटावर ढकलायचं नसतं. जायफळाखाली थांबणं हेसुद्धा. माणूस आपला दम झाडामागे लपवतो गो, माझ्या पेशंटांत एक मास्तर होते, ते दर जिन्याला चपलेचा पट्टा नीट करायचे. ज्यांना लक्षणं आहेत त्यांच्याबद्दल वाद कधीच मिटलाय. २०१० चा पार्टनर अभ्यास बघ: ऑपरेशन झेपणार नाही असे ३५८ पेशंट, व्हॉल्व्ह न बदललेल्यांत वर्षभरात ५०.७ टक्के गेले, टावी केलेल्यांत ३०.७ टक्के. ते फार थकलेले, आजारी लोक होते, तुझ्या बाबांची स्थिती तशी नाही. पण लक्षणं सुरू झाली की घड्याळ कसं धावतं ते त्यात दिसतं.

एक विनंती: घरच्या घरी त्यांना चढावर चालवून परीक्षा घेऊ नकोस. लक्षणं असलेल्याला ट्रेडमिलवरही चढवत नाहीत. फक्त जे बघितलंस ते तारखेसकट लिहून डॉक्टरांपुढे ठेव, आणि आईला वेगळं बसवून विचार.

छाती उघडून की मांडीतून, यावर. ७२ हे वय दोन्हीच्या मधलं. अमेरिकेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं ६५ ते ८० ला दोन्ही चालेल म्हणतात. युरोपने टावीकडे झुकायचं वय २०२१ मध्ये ७५ ठेवलं होतं, २०२५ मध्ये ते ७० वर आणलं. ऑपरेशनचा धोका कमी असलेल्या १,००० पेशंटांच्या पार्टनर-३ अभ्यासात सरासरी वय ७३ होतं, अगदी बाबांच्या जवळ. पहिल्या वर्षी टावी सरळ पुढे होती: मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा अ‍ॅडमिशन टावीत ८.५, ऑपरेशनमध्ये १५.१ टक्के. पाच वर्षांनी अंतर आक्रसलं, २२.८ आणि २७.२, आणि तो फरक ठामपणे खरा म्हणता येईल एवढा उरला नाही. हे अभ्यास व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशांतून झालेत, म्हणून मी जर्मनीतला सार्वजनिक पैशांवर झालेला डेडिकेट जास्त मानते. २०२४, १,४१४ पेशंट, वर्षभरात मृत्यू किंवा पक्षाघात टावीत ५.४ आणि ऑपरेशनमध्ये १० टक्के. आपल्या वापीला बनणारा मायव्हॉल व्हॉल्व्हही २०२४ मध्ये ७६८ पेशंटांवर परदेशी व्हॉल्व्हांशी ताडून बघितला, ३० दिवसांच्या निकालात तो मागे पडला नाही.

टिकण्याचा प्रश्न मात्र विचाराच. दहा वर्षांचा निकाल देणारा नोशन अभ्यास डेन्मार्क-स्वीडनचा, पण त्यात लोक सरासरी ७९ व्या वर्षी शिरले आणि दहा वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त वारले. १५ वर्षांनी व्हॉल्व्हचं काय होतं हे तो सांगू शकत नाही. बाबांच्या घरात लोक नव्वदी गाठतात का? गाठत असतील तर ‘दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर वाट उरेल का’ हे पहिल्याच भेटीत विचार.

आणि सीटीवर व्हॉल्व्हला पाकळ्या तीन आहेत की दोन ते बघून घे. बहुतेक मोठ्या अभ्यासांत दोन पाकळ्यांचे पेशंट घेतलेच नव्हते. २०२४ च्या नोशन-२ मध्ये असे १०० जण होते, त्यांच्यात टावीचं पारडं हलकं पडलं: वर्षभरात मृत्यू, पक्षाघात किंवा पुन्हा अ‍ॅडमिशन टावीत १४.३, ऑपरेशनमध्ये ३.९ टक्के. संख्या लहान आहे, पण सोडून देण्यासारखी नाही.

टिकटिक (सांखळी)

मला दोनच पाकळ्या होत्या. ५१ व्या वर्षी छाती उघडून धातूचा व्हॉल्व्ह बसवला, आता सहा वर्षं झाली. रात्री घर निजलं की माझी मुलगी उशाशी बसून त्याचा आवाज ऐकते. धातूचा व्हॉल्व्ह टिकतो खूप, पण रक्त पातळ ठेवायला अ‍ॅसिट्रॉम जन्मभर, आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) दर महिन्याला. तांबडी भाजी एकदम भरपूर खाल्ली की आकडा घसरतो, म्हणून रोज थोडी आणि सारखी. के-टूची गोळी तर आम्हांला विषच, अ‍ॅसिट्रॉमच्या उलट काम करते.

काकांना या वयात बहुधा जनावराच्या ऊतीचाच व्हॉल्व्ह सांगतील, मग हा जाच नाही. माझ्या अनुभवाचं एकच: आधी दात दाखवा. किडका दात राहिला तर तिथले जंतू नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतात. माझी तारीख त्यापायी तीन आठवडे पुढे गेली होती. आणि उरोस्थी जुळेपर्यंत नारळ उचलायचा नाही, हे कुळागरवाल्याला आधीच बजावा.

कुळागरातली (सावईवेरे, फोंडा)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मडगावकर, तुमचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. वडिलांचं सांगितलंत, फार मोठं केलंत.

आईला मागच्या पडवीत बसवून विचारलं. ती सुपारी सोलत होती, हात न थांबवता म्हणाली, “पोतं मे महिन्यापासून गडी उचलतो. आंघोळीनंतर हे खाटेवर पडतात, मी दार ओढून घेते.” मे महिन्यापासून. आम्ही एकाच घरात राहतो.

मग सगळं तारखेने लिहिलं. माटोळी, जायफळ, पोतं, खाट. काल बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) नेलं. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि बाबांना विचारलं, “माटोळी बांधताना नक्की काय झालं ते तुम्ही सांगा.” बाबा माझ्याकडे बघत राहिले, आणि मग सगळं खरं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आता ट्रेडमिल नको, ही लक्षणंच आहेत. जुना शेरा खोडून त्याखाली नवा लिहिला. दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारची आरोग्य योजना) काय बसतं आणि वरचे किती भरावे लागतील त्याची चौकशी भाऊ करतोय.

बाहेर आल्यावर बाबा पार्किंगपर्यंत काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर विचारलं, “तीन पाकळ्या असल्या तर मांडीतून होईल ना?” म्हणजे ट्रायलवाली ताईंचं उत्तर मी वाचून दाखवलं तेव्हा ते झोपले नव्हते.

ताई, आजोबा ९३ व्या वर्षी गेले, आजी ८८ व्या. तेही विचारलं. सीटी बघून सर्जन आणि टावीवाले दोघे मिळून बोलतील असं सांगितलंय. दातांची तपासणी सोमवारी, सीटी गुरुवारी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) १.१ आलं, सीटीसाठी रंगद्रव्य द्यायला हरकत नाही म्हणाले. मोतीबिंदू त्यानंतर.