जेजुरीला नवी जोडी आणि गुडघेदुखीची आई, दोन्ही सोबत. कसं जमवावं?

निशिगंध:
धाकट्या भावाचं लग्न पुढच्या आठवड्यात आहे. खंडोबा आमचं कुलदैवत, त्यामुळे जागरण-गोंधळ उरकला की लगेच जेजुरी. साताऱ्याहून गाडी करून येणार, एकूण अकरा माणसं. आई ६८ वर्षांची, गुडघे कामातून गेलेत, पण "मी खाली गाडीत बसणार नाही" हा हट्ट. त्यात मामांचं म्हणणं, सोमवती अमावस्या जवळ आलीय तर तेव्हाच जाऊ. मी आजवर एकदाच गेलेय, तेही शाळेत असताना. कोणी नेहमी जाणारं असेल तर सांगा.

सासवडकरीण:
ताई, माझं माहेर सासवड. गडावर किती वेळा गेले ते मोजायचं सोडून दिलंय. आधी मामांना समजवा. सोमवतीला देवाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. तो सोहळा बघण्यासारखाच आहे, पण धडधाकट माणसानं. रविवार देवाचा वार, तोही नको. मधला वार धरा आणि उजाडता उजाडता पायथ्याशी या. दुपारी दगड असा तापतो की अनवाणी माणूस नाचतच चढतो. तुम्ही लोणंद-नीरेवरून याल, म्हणजे दिवे घाटाची कटकट नाही.

आता भंडाऱ्याबद्दल. सगळे फोटो बघून येतात आणि पायाखाली काय आहे ते विसरतात. पायऱ्यांवर हळदीचा थर असतो, त्यावर कोणाच्या बाटलीतलं पाणी सांडलं की शेवाळ परवडलं. पाय भाजतात म्हणून पायमोजे घालणारे तर हमखास घसरतात. नव्या नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायची इथली रीत. माझ्या लग्नानंतर ह्यांनी मला उचललं, आजूबाजूला येळकोट येळकोट चाललेलं, आणि तिसऱ्या पायरीला ह्यांचा पाय सरकला. मी वाचले, ह्यांचा गुडघा फुटला. लंगडत चालणारा नवरदेव कोणी पाहिला नसेल, आमच्या गल्लीनं पाहिला. तेव्हा भावाला सांगा, पाच पायऱ्या पुरतात, त्याही पायथ्याच्या, कोरड्या. वहिनीला नऊवारीचा घोळ आधी वर खोचून घ्यायला लावा आणि मागे दोघं जण हात पुढे करून उभे ठेवा. व्हिडिओ काढणारे सहा असतात, धरणारा एकही नसतो!

आईंसाठी: चढताना कोणी पडत नाही, पडतात ते उतरताना. कडेनं उतरवा, एका माणसानं त्यांच्या एक पायरी खाली राहायचं. अगदीच चढवेना तर अर्ध्या वाटेवर बाणाईचं देऊळ आहे. म्हाळसा वर देवाजवळ, बाणाई मध्यावर. सवतींचं पटेना म्हणून अशी वाटणी झाली म्हणतात. ते भांडण आजवर किती गुडघ्यांच्या पथ्यावर पडलंय!

चष्मेवाला:
वरच्या प्रतिसादात थोडी भर. चष्मा असेल तर पुसायला सुती फडकं ठेवा, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत. पांढरा सदरा धुताना साबण लावला की डाग लालभडक होतो, तेव्हा कुंकू सांडलं असं समजून घाबरू नका. हळदच ती. धुऊन कडक उन्हात टाका, बराचसा उडतो. आणि भंडारा घेताना जरा चिमटीत घेऊन हुंगा. हळदीचा वास यायला हवा. नुसता पिवळा रंग असला तर डोळे चुरचुरतात, माझे दोन दिवस चुरचुरत होते.

सासवडकरीण:
हे बरं आठवलं. पेटत्या दिवटीजवळ मूठभर भंडारा उंच उधळू नका. बारीक भुकटी हवेत असताना भपकन पेट घेते. पोरांना हे आधीच बजावा. आणि दुकानात ताट उचलण्याआधी भंडारा, खोबरं, फुलं सगळं मिळून किती ते विचारा. आधी ताट हातात देतात, मग हिशोब सांगतात.

पायवाट:
कडेपठारलाही जा, मूळ स्थान तेच.

सासवडकरीण:
दादा, प्रश्न वाचलात का? कडेपठार ह्याहून कितीतरी उंच आहे. तरण्या मंडळींनी दुसऱ्या फेरीत जावं.

निशिगंध:
सगळ्यांचे आभार. बुधवार ठरला, मामा रुसलेत पण येतायत. भावानं काल सरावासाठी घरातलं तांदळाचं पोतं उचलून पाहिलं, वहिनीला अजून कोणी सांगितलेलं नाही. आईला बाणाईची गोष्ट सांगितली, म्हटलं मध्यावरच हात जोडू. ती म्हणाली, "मी घरातली थोरली सून आहे. मी म्हाळसेकडे जाणार."

सासवडकरीण:
मग दोन तास जास्तीचे धरा.