एल कमिनो रिआलवरील जुने स्ट्रिप मॉल: शहराने काय द्यावे आणि काय मागावे?

प्रश्न

मी कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथे राहतो. येथून जाणाऱ्या एल कमिनो रिआल या हमरस्त्यावर अनेक दशकांपूर्वीचे बैठे स्ट्रिप मॉल आजही उभे आहेत. त्यांच्यापुढे रस्त्यालगत प्रशस्त पार्किंग असते आणि त्यामागे किराणा, शिवणकाम, केशकर्तनालय, खानावळ अशी दुकाने असतात. त्यांतील कित्येक दुकाने आपल्या भारतीय मंडळींची आहेत. शहराने या रस्त्यासाठी २०२२ मध्ये विशेष आराखडा मंजूर केला असून खाली दुकाने व वर घरे अशी मिश्र बांधणी त्यात अपेक्षित आहे. घरांची एवढी टंचाई असताना या जागा इतकी वर्षे तशाच का राहिल्या? शहराच्या हाती कोणती प्रोत्साहने आहेत? प्लॅनिंग कमिशनच्या (बांधकाम प्रस्ताव तपासणाऱ्या शहराच्या समितीच्या) सुनावणीत नागरिकांनी कशाचा आग्रह धरावा?

उत्तर १

मूळ कारण करव्यवस्थेत आहे. १९७८ मध्ये राज्यातील मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या कायद्याने मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्क्यावर बांधला आणि मालकी बदलेपर्यंत करमूल्याची वाढ वर्षाला दोन टक्क्यांपुरती मर्यादित केली. त्यामुळे जुन्या मालकाला कर नगण्य पडतो, भाडे नियमित येते आणि नवे बांधकाम केले की त्या बांधकामाचे मूल्यांकन मात्र चालू बाजारभावाने होते; अशा स्थितीत त्याने घाई करावी तरी कशासाठी? शहरांचेही गणित तसेच आहे. मालमत्ता कराचा थोडाच भाग त्यांच्या वाट्याला येतो, तर विक्रीच्या रकमेवरील एक टक्का कर स्थानिक तिजोरीत जमा होतो, म्हणून घरांपेक्षा दुकानांसाठी जमीन राखून ठेवणे त्यांना वर्षानुवर्षे सोयीचे वाटले.

पूर्वी शहरांकडे पुनर्विकास संस्था होत्या. प्रकल्पामुळे वाढणाऱ्या मालमत्ता कराच्या भरवशावर त्या कर्ज उभारून रस्ते व गटारे करत. राज्याने फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या बरखास्त केल्या. २०१४ च्या कायद्याने पायाभूत सुविधांसाठी वित्तजिल्हे, म्हणजे वाढीव कराच्या भरवशावर पैसा उभारणारी विशेष क्षेत्रे, स्थापता येतात, परंतु त्यांना शाळांच्या वाट्याचा कर वापरता येत नाही, त्यामुळे हाती येणारी रक्कम बरीच कमी असते. आता शहराकडे देण्यासारखे उरते ते मुख्यतः वाढीव उंची, वाढीव घनता (तेवढ्याच जागेत अधिक घरे) आणि शुल्कातील सवलत. पार्किंगची सूटही पूर्वीइतके मोठे आमिष राहिलेली नाही, कारण प्रमुख सार्वजनिक वाहतूक थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत किमान पार्किंगची सक्ती राज्यानेच २०२२ च्या कायद्याने बहुतांशी काढून टाकली.

उत्तर २

कोलोरॅडोतील लेकवुडचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तेथील व्हिला इटालिया हा १९६६ चा मॉल २००१ मध्ये बंद पडला. सुमारे १०४ एकरांच्या त्या जागेवर शहराने खाजगी विकसकाशी भागीदारी करून रस्त्यांचे नवे जाळे आखले आणि बेलमार नावाची २२ ब्लॉकची (रस्त्यांनी वेढलेल्या भूखंडांची) वस्ती उभी राहिली. तिचा पहिला टप्पा २००४ मध्ये खुला झाला. तेथे आधी सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागा ठरल्या आणि इमारती त्या चौकटीत बसवल्या गेल्या, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

एल कमिनोवर मात्र जमीन अनेक मालकांत विभागलेली असून भूखंड उथळ आहेत. त्यामुळे भूखंड एकत्र करणाऱ्यालाच मोठी सवलत मिळावी आणि तिच्या बदल्यात मागून जाणारी पायवाट, झाडे व परवडणारी घरे मंजुरीच्या अटींत लिहून घ्यावीत. अटीविना दिलेली घनता केवळ जमिनीची किंमत वाढवते आणि तो लाभ मूळ मालकाच्या खिशात जातो.

उत्तर ३

दुकानदारांचा प्रश्न वरील दोन्ही उत्तरांत राहून गेला आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत निकडीचा आहे. मुंबईत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीच्या पुनर्विकासात पागडीवरील दुकानदाराला नव्या इमारतीत जुन्याइतके क्षेत्र मिळण्याची तरतूद आहे. येथे भाडेकरार संपला की दुकानदाराचा जागेवर तसा कोणताही हक्क उरत नाही.

त्याला काही आधार देणारा कायदा म्हणजे १ जुलै २०२३ पासून लागू झालेला एबी २०११ (राज्याच्या असेंब्लीचे विधेयक क्रमांक २०११). व्यापारी रस्त्यांवर परवडणाऱ्या घरांचा ठरावीक वाटा ठेवणाऱ्या प्रकल्पांना त्याने थेट मंजुरीचा मार्ग दिला, मात्र पात्र लहान व्यावसायिकांना स्थलांतरासाठी साहाय्य देण्याचे बंधनही विकसकावर घातले. व्यवसाय त्या जागी एक ते पाच वर्षांचा असल्यास सहा महिन्यांचे भाडे मिळते आणि ही रक्कम वाढत जाऊन वीस वर्षांपुढील व्यवसायाला अठरा महिन्यांचे भाडे मिळते. पात्रतेसाठी कर्मचारी वीसपेक्षा अधिक नसावेत आणि सरासरी वार्षिक उलाढाल दहा लाख डॉलरपेक्षा कमी असावी. शिंपी किंवा केशकर्तनकार यात सहज बसेल. पण किराणा दुकानात नफा थोडा असला तरी उलाढाल मोठी असते, त्यामुळे ज्या दुकानासाठी लोक लांबून येतात तेच बहुधा वगळले जाईल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विकसकाने एबी २०११ ऐवजी शहराच्या आराखड्यानुसार नेहमीच्या पद्धतीने अर्ज केला, तर हे साहाय्य लागू होईल का?

उत्तर ३

आपोआप होणार नाही, कारण ते बंधन त्या कायद्याचा मार्ग निवडणाऱ्या प्रकल्पापुरतेच आहे. म्हणूनच सुनावणीत अशी मागणी करावी की आराखड्याखाली वाढीव उंची मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने निदान तेवढे साहाय्य द्यावे, किराणा दुकानांसाठी उलाढालीची मर्यादा शिथिल करावी आणि तळमजल्यावरील काही गाळे लहान आकाराचे ठेवून जुन्या दुकानदारांना तेथे परतण्याची पहिली संधी द्यावी. ही मागणी प्रकल्पाचा अर्ज मंजूर होण्यापूर्वीच लेखी द्या, कारण मंजुरीनंतर शहराकडे देवाणघेवाणीसाठी काही उरत नाही.