ॲरे रोटेट करताना साखळी मध्येच बंद होते. मसावीचा इथे संबंध काय?

नमस्कार मंडळी,

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत ॲरे (ओळीने घरांत मांडलेले आकडे) उजवीकडे ‘के’ घरं फिरवायचा प्रश्न सोडवतेय; टोकाबाहेर गेलेले आकडे परत सुरुवातीला येतात. दुसरा ॲरे घ्यायला परवानगी नाही आणि ‘एन’, म्हणजे एकूण घरं, १ लाखापर्यंत जाऊ शकतो. एकेक घर सरकवत तेच ‘के’ वेळा करायचं, हा मार्ग त्यामुळे बाद. ‘के’ ५० हजार असला तर ५०० कोटी वेळा उचल-ठेव!

उलटवण्याची पद्धत पटली. १ २ ३ ४ ५ ६ ७ आणि के = ३ असेल, तर आधी सगळा ॲरे उलटा, मग पहिले ३ उलटे, मग उरलेले ४ उलटे. येतं ५ ६ ७ १ २ ३ ४. यात काही अडचण नाही.

मला खरी ओढ आहे ती साखळीच्या पद्धतीची, कारण तिथे प्रत्येक आकडा थेट ‘के’ घरं पुढे, आपल्या शेवटच्या जागी जाऊन बसतो आणि तिथला आकडा उचलून तसाच पुढे न्यायचा. एन ७ आणि के ३ घेतले तर इंडेक्स (० पासून मोजलेले घरांचे क्रमांक) असे येतात: ०, ३, ६, २, ५, १, ४ आणि परत ०. सगळी घरं एका फेरीत झाली. पण ६ आणि २ घेतले की ०, २, ४ आणि लगेच परत ०. १, ३, ५ जागचे हलतच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी साखळी लागते.

पुस्तकात एवढंच दिलंय की साखळ्या एन आणि के यांच्या मसावीइतक्या होतात. १२ आणि ८ कागदावर करून पाहिलं, खरंच ४ आल्या. पण का? सूत्र पाठ करून लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) लिहायचं नाहीये मला. शाळेच्या गणितात बसेल असं कोणी समजावेल का?

उत्तर:
लसावि आठवा. सुरुवातीच्या घरी परत यायचं तर चाललेली एकूण घरं १२ च्या पटीत हवीत. उड्या ८ च्या, म्हणजे ती ८ च्याही पटीत असणारच. अशी पहिली संख्या २४, म्हणजे ३ उड्या. कुठूनही निघा, साखळीत ३ च घरं. १२ घरांच्या अशा ४ साखळ्या. लसावि गुणिले मसावि म्हणजे एन गुणिले के, म्हणून साखळीची लांबी नेहमी एन भागिले मसावि.

प्रश्नकर्ती:
वा, आता कळलं! फक्त एक शंका. दुसरी साखळी १ पासून सुरू करायची, पण १ पहिल्या साखळीतच येऊन गेला असेल तर?

उत्तर:
नाही येणार. ८ मिळवा किंवा १२ वजा करा, इंडेक्सला ४ ने भागल्यावरची बाकी तीच राहते. म्हणून ०, १, २, ३ यांतले कुठलेही दोन एका साखळीत सापडत नाहीत. बाहेरचं लूप, म्हणजे एकेक साखळी सुरू करणारं, ० पासून मसावि वजा १ पर्यंत चालवा. त्याआधी के ला एन ने भागून बाकी घ्या, कारण के मोठा असू शकतो. आणि ॲरे रिकामा असेल तर त्याच्याही आधी रिटर्न करा, म्हणजे तिथेच थांबा, नाहीतर शून्याने भागाकार होईल.